‘कोळी हमाल, को…’

टार्निट

हा प्रवास दोन दिवसांचा होता आणि वाटेत पाहण्यासारखं फारसं काही नव्हतं. मेलबर्नच्या पश्चिमेला टार्निटहून निघायचं, बॅलरॅट, मग हॉर्शम, मग उत्तरेला गव्हाच्या पट्ट्यातल्या एका लहान गावापर्यंत. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या लोकांचा मला राग आला. त्याहून जास्त राग स्वतःचा आला. मग नाव फक्त त्यांचंच छापून यावं हे काही बरोबर नाही.

माझी शेजारीण अबेना नर्स आहे. मूळची घानाची, इथेच वाढलेली. मध्यंतरी महिनाभर तिची ड्यूटी त्या गावच्या हॉस्पिटलात होती. तिथल्या मेमोरियल हॉलमध्ये गावातून युद्धावर गेलेल्यांच्या वस्तू मांडून ठेवल्या आहेत. त्यांतला एकजण दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशावर विमानं उडवायचा आणि जंगलातल्या सैन्याला वरून रसद टाकायचा. त्याच्या पेटीत एक फोटो होता. उघड्या अंगाची चार माणसं, डोक्यावर लाकडी पेट्या, मागे नदी. खाली चिठ्ठी होती: ‘नेटिव्ह्ज, बर्मा’. अबेनाने सगळ्यांत पुढच्या माणसाचे कान पाहिले, फोनमध्ये फोटो काढला आणि वडिलांना पाठवला. वडिलांचं उत्तर एका मिनिटात आलं. हा माझा बाप.

अबेनाचे आजोबा गोल्ड कोस्टहून, म्हणजे आजच्या घानातून, इंग्रजांच्या फौजेत भरती होऊन ब्रह्मदेशात लढले होते. पश्चिम आफ्रिकेतल्या माणसांची अख्खी डिव्हिजन तिथे होती. मला हे माहीत नव्हतं. पुण्यात चांगल्या इंग्लिश मीडियम शाळेत मी बारा वर्षं काढली. महायुद्ध दोनदा शिकले. त्यात आफ्रिकेचं वाळवंट होतं, आफ्रिकेची माणसं नव्हती.

आजोबा घरी परतले ते सार्जंट होऊन. निदान ते तसं सांगायचे. कागद एकही नव्हता. थोरला मुलगा क्वामे म्हणायचा, कसले सार्जंट, त्या सैन्यात निम्मे लोक डोक्यावर ओझी वाहायलाच नेले होते, हेही हमालच असणार. आजोबा वारले तेव्हा थडग्यावर काय कोरायचं यावरून भाऊ भांडले. थोरल्याचा शब्द चालला. दगडावर खोटं लिहायचं नाही म्हणून नुसतं नाव कोरलं. धाकटे म्हणजे अबेनाचे वडील. मी त्यांना अंकल म्हणते. ते आज शहात्तरचे आहेत आणि क्वामे पंच्याऐंशीचे. अंकलना दोघांपैकी कुणी जायच्या आत तो दगड बदलायचा आहे.

फोटोच्या मागे हाताने लिहिलेली एक ओळ होती. अर्धीअधिक तपकिरी चिकटपट्टीखाली गेलेली. अबेनाने तिचाही फोटो घेतला होता. कचऱ्याचे डबे रस्त्यावर काढायच्या दिवशी तिने मला फुटपाथवर गाठलं.

“सई, ही तुझी भाषा ना?”

तीच होती. आधी एक शाईचा डाग आणि मग अक्षरं. ‘कोळी’, पुढे एक रेघ, मग ‘हमाल’, मग ‘को’, आणि त्यापुढे पट्टी.

मी आठवीपर्यंत मराठी तिसरी भाषा म्हणून शिकले, तीही गाइडमधली उत्तरं पाठ करून. छापलेलं वाचते. हाताने लिहिलेलं मराठी मी आजीच्या दोन-चार पत्रांपलीकडे पाहिलेलं नाही. हे मी अबेनाला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मला कुणी काही विचारलं आणि मला येत नसलं की मी गप्प बसते, हा माझा जुना स्वभाव. या वेळी मी गप्प बसले नाही आणि तेच नडलं. मी तिला इंग्रजीत छान मेसेज लिहिला. कोळी ही पश्चिम भारतातली मासेमारी करणारी जमात. हमाल म्हणजे पोर्टर. ‘को’ म्हणजे बहुतेक कोकणातले. फोटोतल्या माणसांच्या डोक्यावर पेटीखाली कापडाची चुंबळ दिसते, आमच्याकडे ओझं असंच वाहतात. आणि उन्हात राबणारी माणसं काळी होतातच.

तो मेसेज अबेनाने हॉलला पाठवला. अंकलनी प्रामाणिकपणे घानात, कुमासीला, भावाला पाठवला. क्वामेंचं उत्तर एका शब्दाचं होतं. बघ.

मी मात्र तो मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि पहिल्यांदाच तिथे माझं कौतुक झालं. आपली माणसं ऑस्ट्रेलियाच्या म्युझियममध्ये. मी घर शोधत होते तेव्हा याच ग्रुपवरच्या एका काकांनी मला सांगितलं होतं, त्या गल्लीत नको घेऊस, तिथे काळे फार. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि लिहिलं, अगदी आपले कोळी, चेहरेच सांगतात.

बॅलरॅटच्या पुढे

अंकलना माझं म्हणणं पटलं नव्हतं. फोटो हातात घेऊन पाहतो म्हणाले. हॉल शनिवारी दुपारपुरता उघडतो. अबेनाने मला सोबत येशील का विचारलं आणि मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायला कारण सापडेना. आपण बरोबर आहोत आणि म्हाताऱ्या माणसाची समजूत सभ्यपणे घालायची आहे, अशा बेताने मी गाडीत बसले.

अबेना गाडी चालवत होती. अंकल पुढे, मी मागे जेवणाच्या डब्यांशेजारी. बॅलरॅटला बेकरीत थांबलो. अंकलनी काचेतल्या मीट पाइजकडे आणि सॉसेज रोलकडे पाहिलं आणि फक्त व्हॅनिला स्लाइस घेतला.

“चाळीस वर्षं या देशात आहे,” ते म्हणाले, “यांच्या मांसात मिरची कुठे असते ते अजून सापडलं नाही.”

“म्हणून तर अर्धं स्वयंपाकघर गाडीत आहे, डॅड,” अबेना म्हणाली.

त्या अर्ध्या स्वयंपाकघरातली एक बाटली पुढच्या वळणावर कलंडली. शितो नावाची काळी तिखट चटणी, तेलात मुरलेली. माझ्या जॅकेटची बाही कोपरापर्यंत काळी झाली. वास आला आणि मी दचकले. तो सुकटाच्या चटणीचा वास होता. माझी आई दारं-खिडक्या बंद करून सुकट भाजायची, सोसायटीत बोलणी नकोत म्हणून. अंकलनी मला भाताबरोबर चमचाभर दिली. मी खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, पुन्हा मागितली.

“बघ,” अंकल अबेनाला म्हणाले, “ही पोरगी चुकीचं वाचत असेल, पण खाते बरोबर.”

मी हसले. पुढे बराच वेळ ते वाक्य मला टोचत राहिलं.

हॉर्शमनंतर रस्ता सरळ झाला. दोन्ही बाजूंना कॅनोलाची पिवळी शेतं, मधूनच धान्य साठवायचे उंच सायलो. काही सायलोंवर माणसं रंगवलेली आहेत, चार मजली उंचीची. लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. एका ठिकाणी आम्हीही थांबलो. हॅट घातलेला गोरा शेतकरी, त्याच्या गालावरच्या सुरकुत्या माझ्या हाताएवढ्या. खाली बोर्डावर त्याचं नाव, गाव, किती पिढ्या शेती करतात, कुत्र्याचं नाव.

“कुत्र्याचंसुद्धा,” अंकल म्हणाले.

गाडीत बसल्यावर ते वडिलांबद्दल बोलायला लागले. नदीच्या खोऱ्यात रस्ता नव्हता. खेचरंही टिकत नव्हती. सगळं विमानातून पडायचं आणि डोक्यावरून पुढे जायचं. काही तुकड्या खास ओझ्यासाठी होत्या, पण त्या जंगलात सगळेच वाहत होते, बंदूकवालेही. वाहता वाहता गोळ्या खायचे.

“त्यांच्या डिव्हिजनचं चिन्ह होतं स्पायडर,” अंकल दंडावर बोट ठेवून म्हणाले. “पिवळ्यावर काळा स्पायडर. तोंड खाली करून शिवलेला. सगळे विचारायचे, उलटा का? माझा बाप हात असा बंदुकीसारखा समोर करायचा. म्हणायचा, आता बघा, शत्रूकडे चालायला लागला.”

“आणि मोठे काका काय म्हणायचे?” अबेनाने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं.

“म्हणायचा, पेटी धरायला हात वर केला की तो आणखी छान चालत असेल.”

मी खिडकीबाहेर पाहत होते. स्पायडर हा शब्द माझ्या कानांवरून गेला. मी आयुष्यात स्पायडरला स्पायडरच म्हटलं आहे. न्हाणीघरात निघाला तरी आणि पुस्तकात आला तरी.

हॉल

दारात ब्रायन उभा होता. सत्तरीचा, निवृत्त शिक्षक, हॉल फुकट सांभाळतो. माणूस वाईट नाही, हे मला लिहावंच लागेल. त्याने अंकलना खुर्ची दिली, चहा विचारला, प्रत्येक गोष्टीला नो वरीज म्हणाला.

भिंतीवर सोनेरी अक्षरांत गावातल्या सैनिकांची नावं होती. हुद्द्यासकट. खाली काचेच्या कपाटांत त्यांच्या पत्नींनी विणलेले मोजे, वस्तऱ्याच्या पेट्या, पत्रं. आमचा फोटो आता कपाटात नव्हता. त्याला नवी फ्रेम मिळाली होती आणि फ्रेमच्या आत छापील पट्टी: ‘कोळी पोर्टर्स, कोकण किनारा, पश्चिम भारत. बर्मा.’

ते माझे शब्द होते. माझ्या मेसेजमधून ‘बहुतेक’ तेवढा कुणीतरी काढून टाकला होता.

अंकल फ्रेमच्या अगदी जवळ गेले. मग त्यांनी स्वतःचा कान धरला आणि ते तसेच ब्रायनकडे वळले. कान खरंच तेच होते. मोठे, वरच्या टोकाला थोडे दुमडलेले. मी तेव्हा पाहिले. फोनवर फोटो आला तेव्हा मी चुंबळ पाहिली होती, कान नव्हे.

“मागची ओळ बघायची आहे,” अबेना म्हणाली. “पूर्ण. पट्टी काढून.”

“फ्रेम सील केलीय, मेट,” ब्रायन म्हणाला. “हॉर्शमहून करून आणली. आणि ओळीचं भाषांतर झालंय. एका इंडियन एक्स्पर्टने केलंय.”

अबेनाने फ्रेमवरची नजर काढली नाही. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. मी खाली पाहीन हे तिला माहीत असावं.

“ती एक्स्पर्ट मी आहे,” मी म्हणाले. “मी एक्स्पर्ट नाही.”

ब्रायनने माझ्या तेलकट बाहीपासून वर पाहिलं.

“मला हस्ताक्षर नीट वाचता येत नाही. मी अंदाज केला. प्लीज, उघडा.”

तो थोडा घुटमळला. मग आतल्या किचनमधून लोणी लावायची सुरी घेऊन आला. फ्रेम उलटी टेबलावर ठेवून त्याने कडेचा कागद कापला, फोटो काढला. जुनी चिकटपट्टी वाळून कडक झाली होती. अबेनाने नखाने हळूहळू ती सोडवली, जखमेवरची पट्टी काढावी तशी. मी फोटो खिडकीपाशी उजेडात नेला.

शाईचा डाग हा डाग नव्हता. त्याला पाय होते. मी मोजले. आठ.

त्यापुढे ‘कोळी’. मग मला आईचा आवाज आठवला, झाडू घेऊन माळ्याकडे बघत, कोळ्यांनी जाळी केलीत बघ. कोळी. स्पायडर. लिहिणाऱ्याने आधी चित्र काढून शब्द लिहिला होता, तरी मला तो समुद्रावरच सापडला होता.

‘हमाल’ हा हमाल नव्हता. म नव्हताच, व होता, घाईत खाली ओढलेला. आणि ल-पुढे टिंब होतं. ‘हवाल.’ हवालदार. आपल्याकडच्या फौजेत सार्जंटला म्हणतात तो. आणि ‘को’ कोकणाचा नव्हता.

मी पूर्ण ओळ मोठ्याने वाचली. माझा आवाज बारीक आहे, पण हॉल रिकामा होता.

“कोळी – हवाल. कोजो मेन्सा. नाईक क्वाबेना. शिपाई इसा. शिपाई मूसा. प्रती चार काढणे. प्रत्येकास एक.”

कोण होता हा लिहिणारा, मला माहीत नाही. एखाद्या इस्पितळातला किंवा ऑफिसातला मराठी कारकून असेल. वैमानिकाने फोटो त्याच्याकडे दिला असेल. चार परक्या माणसांची नावं त्याने विचारून घेतली, आपल्या लिपीत बसवली, प्रत्येकाचा हुद्दा लिहिला, प्रत्येकाला प्रत मिळावी म्हणून नोंद केली. त्या सगळ्या युद्धात त्यांना नेटिव्ह न म्हणणारा हा एक माणूस मला सापडला. त्याने नीट लिहिलं होतं. वाचायला मी आले.

अंकलना बापाचं नाव समजलं होतं. त्यांनी विचारलं, “नावाच्या आधी काय आहे?”

“हवालदार. म्हणजे सार्जंट.”

“पोर्टर नाही.”

“नाही.”

ते खुर्चीत बसले. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. “तुला माहीत आहे,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “या महिन्याभरात मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता. दोन दिवस. दोन दिवस मी माझ्या बापाला खोटारडा समजलो.”

सॉरी हा शब्द इथे दिवसातून पन्नास वेळा वापरतात, दार उघडतानाही. तो मला तिथे वापरवेना.

ब्रायनने टेबलावरची रिकामी फ्रेम सरळ केली. “चला, छान झालं,” तो म्हणाला. “पुढच्या महिन्यात कमिटीची मीटिंग आहे, तिथे ठेवतो. तसं पाहिलं तर सगळेच काहीतरी वाहत होते. सगळ्यांनीच हातभार लावला.”

मी भांडणारी मुलगी नाही. ऑफिसात चुका दुसऱ्याने केलेल्या असल्या तरी मी त्या दुरुस्त करून गप्प बसते. पण मी त्या सोनेरी नावांकडे बोट केलं.

“या भिंतीवर सार्जंट आहेत,” मी म्हणाले. “तेही काहीतरी वाहत असतील. त्यांतल्या एकाला पोर्टर म्हणून बघा. मीटिंग आजच होईल.”

ब्रायनचा चेहरा लाल झाला. मी फ्रेममधली छापील पट्टी बाहेर काढली.

“ती हॉलची आहे,” तो म्हणाला.

“वाक्य माझं आहे. मी ते परत घेतेय.”

मी पट्टी घडी करून खिशात टाकली. मग त्याच्याकडे कार्ड मागितलं. त्याने दिलं, हेही लिहायला हवं. मी चारही नावं हुद्द्यांसकट इंग्रजीत लिहिली, खाली डिव्हिजन, आणि त्याखाली ती मूळ ओळ देवनागरीत, जशीच्या तशी. शेवटी कोळी काढला. चित्रकला मला येत नाही, पण आठ पाय जमले. तोंड खाली.

ब्रायनने कार्ड हातात घेऊन वाचलं.

“या वेळी नक्की ना?” त्याने विचारलं.

प्रश्न अपमानाचा होता आणि पूर्णपणे रास्त होता. “नक्की,” मी म्हणाले. त्याने कार्ड काचेत लावलं.

हॉलबाहेर

पार्किंगमध्ये वारा होता. घानात तेव्हा सकाळ होत होती. अंकल गाडीला टेकून उभे राहिले आणि त्यांनी भावाला व्हिडिओ कॉल न करता साधा फोन लावला, स्पीकरवर. त्यांना चेहरा बघायचा नव्हता.

बोलणं ट्वी भाषेत होतं. सुरुवातीला हळू, मग दोघंही चढले. अबेना दोनदा मध्ये पडली, दोन्ही म्हाताऱ्यांनी तिला गप्प केलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मग अंकलच्या बोलण्यात एक शब्द आला, तोडून तोडून, ‘द’चा ‘ड’ झालेला. हवालडार. पुन्हा. हवालडार.

पलीकडून क्वामे इंग्रजीत म्हणाले, “त्या इंडियन मुलीला दे.”

अंकलनी फोन माझ्यासमोर धरला.

“गेल्या महिन्यात तू पोर्टर म्हणालीस.”

“हो, सर. मी चुकले.”

“आणि आज तुला दया आली.”

“नाही. आज फोटोमागची चिकटपट्टी काढली. खाली पूर्ण लिहिलेलं आहे. तुमच्या वडिलांचं नाव आहे.”

“कुणी लिहिलं? ब्रिटिशांनी?”

“नाही. आमच्याकडच्या कुणीतरी. कारकून असेल.”

“त्याला खोटं लिहायचं काही कारण होतं?”

“काहीच नव्हतं, सर.”

पलीकडे कोंबडा आरवल्यासारखं वाटलं, मग भांडं आपटल्यासारखं. मग त्यांनी ट्वीमध्ये एक छोटं वाक्य म्हटलं आणि फोन बंद झाला.

“काय म्हणाले?” मी अबेनाला विचारलं.

उत्तर अंकलनी दिलं. “दगडावर हुद्दा कोणत्या बाजूला घालतात विचारतोय. नावाच्या आधी की नंतर.” त्यांनी फोन खिशात टाकला. त्यांचा आवाज अजून रागातच होता. “पंच्याऐंशी वर्षांचा झाला. आधी असतो, एवढंही माहीत नाही.”